कानात पाणी गेलं असेल

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हा मनातल्या मनात घातला आहे. प्रत्यक्ष घातला तर मला परत उभं करायला दोन माणसं लागतील. त्याचं कारण पुढे येईलच.) तुला तीर्थस्वरूप लिहिताना दर वेळी हसू येतं, कारण पाण्याला घाबरणारं तीर्थ मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. अंघोळीच्या बादलीतही आधी बोट घालून खोली बघणारा माणूस तू. पण वडीलधारा आहेस, तेव्हा मायना मोडत नाही. रक्तदाब कसा आहे? वहिनीचे गुडघे जिना चढू देतात का? निवृत्त झाल्यावरही तू सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकतोस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विम्याचं महत्त्व पटवतोस, असं वहिनी म्हणत होती. पटवत राहा. पूर्वी मी त्यावरून तुझी थट्टा करायचो. आता करत नाही, म्हणजे कमी करतो. इकडील सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, तर ते लिहिलं असं समज.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घराण्यात फोन ही सार्वजनिक वस्तू आहे. तिकडे तू स्पीकर लावतोस, मग वहिनी स्वयंपाकघरातून प्रश्न विचारते आणि तू तेच प्रश्न मला पुन्हा विचारतोस. इकडे ही माझ्या शेजारी बसून माझ्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुचवते. त्यामुळे माझ्या आजारपणापासून आजवर ‘बरा आहे, थोडा अशक्तपणा आहे, जाईल’ यापलीकडे तुझ्या कानावर काही पडलेलं नाही. आज ही तिच्या मैत्रिणीकडे गेली आहे आणि मी टेबलाशी बसून लिहितो आहे. बसण्यात मी अजून पूर्वीइतकाच तरबेज आहे. बसण्याच्या स्पर्धा असत्या तर या वयातही एखादा चषक आणला असता.

तर मुळापासून. तुला माहीत आहे की आमच्या पोहण्याच्या तलावाच्या काठाची एक फरशी फुटलेली होती. (माहीत नसेल, तर तू माझी पत्रं नीट वाचत नाहीस.) ती बदला म्हणून मी व्यवस्थापकांच्या मागे लागलो होतो. फरशी कुणाचा तरी पाय कापेल असं मी सांगत होतो आणि तिने माझाच कापला, म्हणजे तक्रार खरी निघाली. आता आयुष्यभर पाण्यात राहिलेला माणूस पायाच्या चिरेला काय भीक घालतो? पट्टी बांधली, पाण्यात उतरलो, पट्टी सुटली, नवी बांधली. मग ताप आला. मग ताप राहिला. शेवटी हिने उचलून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या रुग्णालयात, आणि तिथे कळलं की पायातून शिरलेले जंतू रक्तात उतरून पोहत पोहत थेट हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले आहेत. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा दादा, भीती वाटायच्या आधी मला त्यांचं कौतुकच वाटलं. पायापासून काळजापर्यंतचं अंतर, आणि शिकवणी कुणाची नाही. माझ्याकडे वर्ष वर्ष येऊन लोकांना तलावाची रुंदी पार होत नाही.

ही गोष्ट हसण्यासारखी नव्हती हे मला हिच्या तोंडाकडे बघून कळलं. झडपेवरचे जंतू माणूस नेतात. म्हणून शिरेतून दोन औषधं सुरू झाली, त्यातल्या एकाचं नाव मला आता स्वतःच्या नावापेक्षा पक्कं पाठ आहे: जेंटामायसिन. जुनं, जबरदस्त औषध. डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलं होतं की हे काम चोख करतं, पण मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकतं, म्हणून आपण लक्ष ठेवू. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला रक्त काढून न्यायचे. कानावर लक्ष ठेवायला मात्र मलाच विचारावं लागायचं, कारण माझ्या कानात काय चाललंय ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार? सकाळच्या फेरीला थोरल्या सिस्टर यायच्या. केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज एवढा खणखणीत की अख्खा वॉर्ड उठून बसावा. त्या न चुकता विचारायच्या, कानात काही आवाज? चक्कर? डोकं हलकं वाटतंय? आणि मी रोज नाही म्हणायचो, कारण रोज खरोखरच काही नव्हतं.

मग एक दिवस कानात गुणगुण सुरू झाली. फार मोठी नाही. शेजारच्या खोलीत कुणी पंखा लावून विसरून गेल्यासारखी. कुशीवर वळलो की खोलीही माझ्याबरोबर वळायची, पण जरा उशिराने. आता तूच सांग, तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसाने रोज शेकडो लोकांना एकच उत्तर दिलं, तो स्वतःला दुसरं कुठून देणार? सर, कानांना दडे बसलेत. पाणी गेलं असेल. सर, डोकं गरगरतंय. कानात पाणी गेलं असेल. सर, नवरा माझं ऐकत नाही. (हे खरंच एकीने विचारलं होतं.) त्याच्याही कानात पाणी गेलं असेल. आमच्या धंद्यात हे एकच निदान आहे आणि त्याला एकच उपचार आहे: मान कलती करा आणि त्या बाजूच्या पायावर उड्या मारा. तेव्हा सिस्टरनी विचारलं, आवाज? चक्कर? आणि मी ऐटीत सांगितलं, ‘काही नाही हो सिस्टर, जरा पाणी गेलंय कानात. आमचं हे नेहमीचंच.’ त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अंग पुसताना गेलं असेल, असं मीच त्यांना समजावलं. त्यांनी लिहून घ्यायला काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. ते पेन खिशात जाताना मी पाहिलं, दादा. ते मला अजून दिसतं.

त्या वेळी मी पाण्यात उतरून कित्येक आठवडे झाले होते. एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. पानात मासा नसताना घशात काटा अडकला म्हणणारा माणूस मी. बरं, सांगून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण उपचार नको का करायला? सिस्टर पुढच्या वॉर्डात गेल्या तसा मी खाली उतरलो, सलाईनची दांडी एका हाताने धरली, मान कलती केली आणि एका पायावर उड्या मारायला लागलो. दुसऱ्याच उडीला जमीन तिथून निघून गेली. मी शेजारच्या खाटेवरच्या ठेकेदाराच्या अंगावर आडवा पडलो. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. त्याने जी शिवी दिली ती इतकी अस्सल होती की तिच्यापुढे माझ्या कानातली गुणगुण क्षणभर थांबली. सगळे धावले, मला उचललं, अशक्तपणा आहे म्हणाले, खाटेला कठडे लावले. मीही म्हणालो, अशक्तपणा आहे. आणि औषध चालू राहिलं, कारण ते थांबवायचं कारण ज्याला ठाऊक होतं तो कठड्याच्या आत पडून दुसरा कान मोकळा करायचा बेत करत होता.

हृदय वाचलं. झडप स्वच्छ झाली, ताप गेला, मूत्रपिंडं ठणठणीत. घरी यायच्या दिवशी मी दारापर्यंत भिंत धरून गेलो आणि वाटलं, घरचं खाणं पोटात गेलं की पाय ताळ्यावर येतील. ते आले नाहीत. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. वयाने आपल्या मुलीसारखी पोर, पण बोलणं सरळ. तिने माझं डोकं हातात धरून एकदम वळवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, डोळे मिटून उभं केलं आणि मी पडायच्या आत झेललं. (सराव असावा.) मग समजावलं की कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तोल सांभाळणारा एक भाग असतो. त्यात केसासारखे बारीक तंतू असतात. आपण हललो की ते हलतात आणि मेंदूला सांगतात की वर इकडे, खाली तिकडे. या औषधाने ते मारले. दोन्ही कानांतले. ऐकू व्यवस्थित येतं, तेवढं सुदैव. पण मेलेले तंतू परत उगवत नाहीत. (डोक्यावरच्या केसांनी मला याची पूर्वसूचना देऊन ठेवली होती, पण मी मनावर घेतली नव्हती.) मी विचारलं, ‘मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?’ तिने सांगितलं, ‘औषध बदलून बघता आलं असतं. काही वाचलं असतं की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, काका.’ आणि मग म्हणाली की ते औषध दिलंच नसतं, तर हे विचारायला तुम्ही नसता. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी दोन्ही घेऊन घरी आलो.

शिव्या द्यायला माणूस सापडत नाही, ही या आजाराची खरी अडचण आहे. एखादा डॉक्टर बेफिकीर निघाला असता, सिस्टरनी विचारायचं टाळलं असतं, तर मी त्यांच्या नावाने बोटं मोडत उरलेलं आयुष्य मजेत घालवलं असतं. पण त्यांनी रोज विचारलं रे. अगदी रोज.

आता माझी चाल कशी झाली आहे ते सांगतो, म्हणजे भेटल्यावर दचकणार नाहीस. मी पाय फाकवून, हात जरा बाहेर काढून, दर पावलाला रस्त्याची परवानगी घेत चालतो. चालताना सगळं जग उड्या मारतं. दुकानांच्या पाट्या नाचतात, समोरून येणाऱ्यांचे चेहरे पुसट होतात, त्यामुळे ओळखीची माणसं समोरून जातात आणि मी ढिम्म. मग ती घरी जाऊन सांगतात की मास्तरला गर्व झाला. थांबलो की सगळं जागेवर येतं, पण तोवर माणूस रागावून पुढे गेलेला असतो. डोळे मिटून तोंडाला साबण लावला की मी बेसिनवर कोसळतो. म्हणून आता एक डोळा उघडा ठेवून तोंड धुतो, आणि त्या डोळ्यात साबण जातो. ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, इतकंच नव्हे तर पिणाऱ्यांना तलावाच्या फाटकातून परत पाठवलं आणि वर अर्धा तास व्याख्यान दिलं, तो माणूस भर दुपारी या भिंतीवरून त्या भिंतीवर जाताना अख्खी गल्ली बघते. ज्यांना मी हाकललं होतं त्यातला एक परवा कोपऱ्यावर भेटला. डोळ्यांत पाणी आणून त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, ‘मास्तर, मला माहीत होतं, तुम्ही पण शेवटी माणूस आहात.’ त्याचा आनंद मोडवेना. मी म्हटलं, हो बाबा.

चौकातल्या हवालदाराचा मात्र इतका सहज विश्वास बसला नाही. मी रस्ता ओलांडताना तीनदा सुरुवात केली आणि तीनदा दुभाजकाला मिठी मारली, तेव्हा तो शिट्टी वाजवत आला. पायी चालणाऱ्याला तपासायचा नियम नाही असं मी म्हटलं, तर तो म्हणाला की नियम माहीत असणारे जास्तच प्यालेले असतात. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालायला लावलं. पट्टा माझ्या बाजूने निघून गेला. मग गाडीवाल्यांसाठी ठेवलेलं यंत्र काढून त्यात फुंकर मारायला लावली. यंत्राने शून्य दाखवलं. त्याने पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा शून्य. स्वतः फुंकून बघितलं. शेवटी यंत्र बिघडलंय अशी त्याची खात्री पटली आणि ते दुरुस्तीला पाठवायचं म्हणून त्याने बाजूला ठेवलं. हात धरून पलीकडे पोहोचवलं मात्र त्यानेच, आणि वर बजावलं, काका, घरी बाई माणूस वाट बघत असेल, सोडा आता हे.

घरी बाई माणूस वाट बघत असतेच. हिने सगळ्या घरात जास्तीचे दिवे लावले आहेत. अंधारात मी उभाच राहू शकत नाही, डोळ्यांनी काहीतरी धरून ठेवलं तरच उभा असतो. बाहेर निघालो की ही पुढे चालते आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. तुला आठवत असेल, लग्न झाल्यापासून मी पुढे आणि ही मागे अशीच आमची वरात असायची, आणि ती ओरडायची, अहो, जरा हळू. आता ती हळू चालते, मला ओरडावं लागत नाही. परवा तिने विचारलं, ‘माझ्या खांद्याचा आधार पुरतो ना हो?’ मी म्हटलं, ‘तुझा खांदा जरा बुटका आहे, पण चालवून घेतो.’ ती हसली. मग घरी येऊन स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी घासत बसली, आणि दादा, त्या दिवशी घासायला भांडी नव्हतीच.

तलावाचं सांगायचं राहिलं. मी आजारी असताना तलाव फरश्या बदलायला बंद ठेवला होता. (अखेर बदलल्या. माझ्या पायाला या शहराच्या इतिहासात काही स्थान आहे.) तो उघडल्यावर मी कामावर गेलो. पाण्यात उतरायचं नाही, काठावर उंच खुर्चीत बसून शिट्टी वाजवायची, असं ठरलं. वाटलं, एवढं तर जमेल. पण आमच्या कामात शिट्टीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे डोकी मोजणं. पाण्यात किती उतरले आणि आता किती दिसतात, हे आमचे डोळे सारखे मोजत असतात, गप्पा मारतानासुद्धा. मी मान वळवली की पाणी, पोरं, टोप्या सगळं उडायला लागायचं. एकदा मोजलं, एक डोकं कमी. शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं, रांगेत उभं केलं, तर सगळी हजर. पुन्हा सोडलं, पुन्हा मोजलं, तर एक जास्त. एक जास्त निघालं तेव्हा पोरं हसली, मीही हसलो. पण मी पुन्हा मोजलं नाही. कमी निघालेलं परवडतं, कारण माणूस शोधतो. उद्या एखादं पोर खरंच खाली गेलं असताना माझ्या मोजणीत ते एक जास्तीचं डोकं येऊन बसलं तर? मी त्याच तासाला खाली उतरलो (उतरलो म्हणजे शिडी मिठीत घेऊन आलो) आणि शिट्टी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली. ते चांगले आहेत. त्यांनी मला कपाटांच्या किल्ल्या देण्याच्या खिडकीवर बसवलं. तिथून पाणी दिसत नाही. आवाज मात्र सगळा येतो. कुणी उडी मारली तर आवाजावरून मला कळतं की पोट आपटलं, आणि माझा हात खिडकीच्या आत आपोआप वर होतो, पाय जोडा सांगायला.

आता पुढचं वहिनीला वाचून दाखवू नकोस. एका दुपारी, नवशिक्यांच्या तासाला, तलावात मुख्याध्यापिका बाई सोडून कुणी नव्हतं आणि काठावरचा नवा मास्तर फोनवर होता. या बाईंबद्दल मी तुला पूर्वी लिहिलं असेल. शाळेतून निवृत्त झाल्यावर पोहायला शिकू म्हणून आल्या. तेव्हापासून रोज येतात, काठाला धरायला बसवलेला आडवा लोखंडी नळ धरतात, तासभर नियमाने पाय मारतात आणि नळ न सोडता घरी जातात. माझ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी हार. ‘नळ सोडा, बाई’, ‘उद्या सोडते’, हा आमचा संवाद वर्षानुवर्षं चालला होता. त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही असं बघून मी उतार सुरू होतो तिथे पाण्यात शिरलो. कानाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की एकट्याने पाण्यात जायचं नाही. ते मी ऐकलं होतं, कारण ऐकू मला व्यवस्थित येतं. पण पाणी छातीला लागलं आणि अंग पहिल्यांदा हलकं झालं. सवयीने डोळे मिटले आणि बुडी मारली.

आणि दादा, तिथे काहीच नव्हतं. वर नव्हतं, खाली नव्हतं. जन्मभर जे मला कधी शोधावं लागलं नाही, ते दोन्ही गायब. मी वर यायला जोरात हात मारले आणि माझं डोकं फरशीवर आपटलं. नव्या फरशीवर. मग वळलो, पुन्हा हात मारले, तर भिंत. डोळे उघडले तर सगळीकडे सारखाच निळा उजेड, उडणारा. मी ज्यांना ज्यांना पाण्यातून बाहेर काढलं, त्यांच्या डोळ्यांत काय असायचं ते मला तेव्हा कळलं. पोहायला येत असूनही माणूस बुडू शकतो, कारण पोहून जायचं कुठे तेच कळत नाही. आणि तेवढ्यात माझ्या चड्डीच्या नाडीला मागून जोराचा हिसका बसला.

बाईंनी नळ सोडला होता. मधलं अंतर फार नव्हतं, पण तिथे त्यांचे पाय टेकत नाहीत. त्या मी शिकवल्याप्रमाणे, गुडघा न वाकवता, पाय मारत आल्या, मला नाडीला धरून ओढत नेलं आणि काठाला टाकलं. मी खोकत असताना त्या मला वर्गाबाहेर उभं करायच्या आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते लिहीत नाही, मला या वयात तसं कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, बाई, तुम्ही पोहलात. त्या म्हणाल्या, काहीतरीच काय, मी नळ धरूनच होते. त्यांना खरंच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा नळ धरून उभ्या. पण जाताना माझ्या खिडकीशी थांबल्या, किल्ली दिली आणि पुन्हा पाण्यात उतरणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं.

तेव्हा पाण्याचा विषय संपला, आणि मी तो मनावर घेतलेला नाही. माणसाने कधीतरी कोरडं व्हायलाच पाहिजे. तू जन्मभर कोरडा राहिलास, तुझं काय बिघडलं? खिडकीवर काम हलकं आहे, खुर्चीला हात आहेत. हे पत्र लिहायचं कारण एवढंच की तुझ्याकडे एक वेताची काठी पडून आहे, पितळी मुठीची. तुला लागत नसेल तर कुणाबरोबर तरी पाठवून दे. हिचा खांदा सारखा वापरून झिजेल. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (आता तरी),
धाकटा

ता. क. पत्र वहिनीच्या हाती पडू देऊ नकोस. वहिनीला कळलं की हिला कळतं, आणि बुडीचं हिला माहीत नाही. कपाळावरचं टेंगूळ कपाटाच्या दाराचं आहे असं मी सांगितलं आहे. तिने त्या दाराच्या कडेला कापूस चिकटवला आहे.

आणखी एक ता. क. तुला किंवा वहिनीला कधी असलं औषध द्यायची वेळ आली तर देऊ दे, उगाच अडून बसू नकोस. ते जीव वाचवतं, मी त्याचा जिवंत पुरावा आहे. पण कानात जरा काही वाजलं, खोली जरा फिरली, तर त्याच क्षणी डॉक्टरला सांग. कशामुळे होतंय हे आपण ठरवायचं नाही. विचारणारा माणूस पेन हातात घेऊन उभा असतो, त्याला लिहू द्यावं.

शेवटचा ता. क. काठी पाठवू नकोस. काठी इथेही मिळते. वर कोरडं होण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मलाच लाज वाटली, पण खोडलं तर पत्र घाण दिसेल. बाईंना दिलेल्या शब्दाचा मी अर्धाच भाग वर लिहिला. त्या म्हणाल्या होत्या, घरचं माणूस शेजारी उभं असेल तरच, कमरेइतक्या पाण्यात, आणि नवा मास्तर काठावर बघत असताना. हिला मी सांगू शकत नाही. ती येईल, पण माझ्याकडे बघून रडेल आणि मग मी तिला सांभाळू की स्वतःला? म्हणून तू ये. कमरेइतकंच पाणी आहे, तुला पोहावं लागणार नाही, फक्त उभं राहायचं आहे. मला एकदा उताणं तरंगायचं आहे. तू पाठीखाली तळहात धर, म्हणजे खाली कुठे ते मला तुझ्या हाताने कळेल, आणि उरेल ते वर. एकच सांगतो. तरंगायला शिकवताना आम्ही मास्तर लोक पाठीखाली हात धरतो, गप्पा मारत राहतो आणि समोरच्याला न सांगता हळूच हात काढून घेतो. तसंच शिकवतात. मी जन्मभर सगळ्यांशी तसंच केलं आणि सगळे तरले. तू तसं करू नकोस, दादा. मी सांगेपर्यंत हात काढू नकोस.